हळदीच्या पिसाचा जिग

मी एक जुना जिग आहे, आणि मित्रांनो, मला राग आलेला आहे. गोष्ट संपेपर्यंत तो जाईल असं समजू नका.

जिग म्हणजे मासे पकडायचं खोटं आमिष. वाटाण्याएवढं शिशाचं डोकं, त्यातून निघालेला एक गळ आणि गळावर दोऱ्याने बांधलेलं पीस. पाण्यात पीस हललं की मोठ्या माशाला वाटतं, एखादा छोटा मासा पोहतो आहे.

माझं डोकं अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या वॉल्ट नावाच्या म्हाताऱ्याने आपल्या गॅरेजमध्ये ओतलं. साल १९८२. बाकीचा मी त्याच्या शेजारणीने, उत्तराने केला. उत्तरा अलिबागची, मासे खात वाढलेली. तिचा नवरा चारुदत्त इंजिनियर, पुण्याच्या शाकाहारी घरातला. तो दुष्ट नव्हता. पण त्याच्या स्वयंपाकघरात मासा शिजत नसे. उत्तरा गॅरेजमध्ये, बर्फ काढायच्या फावड्याशेजारी, कॅम्पिंगच्या स्टोव्हवर मासे तळायची आणि तिथेच उभ्याने खायची. थंडीत अंगात कोट घालून. माझा पहिला राग हा.

वॉल्टने तिला तळ्यावर नेलं. तिथे क्रॅपी मिळतात. चंदेरी अंग, काळे ठिपके, हाताच्या पंजाएवढा मासा. वॉल्टने गळाला टोचायला बादलीभर जिवंत छोटे मासे आणले होते. उत्तराने त्यांच्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"मी मासे खाते, पण हे जिवंत टोचणं मला जमणार नाही," ती त्याला इंग्रजीत म्हणाली.

"खाताना चालतो, टोचताना चालत नाही?" वॉल्ट हसला. "मग खोट्या आमिषावर शीक. वेळ लागेल हं."

म्हणून मी झालो. तिने उशीतलं एक पांढरं पीस काढलं, हळदीच्या पाण्यात उकळलं, भरतकामाच्या डब्यातल्या काळ्या दोऱ्याने गळावर बांधलं आणि गाठीवर नेलपॉलिशचा थेंब टाकला. गढूळ पाण्यात पिवळा रंग चांगला दिसतो.

शिकायला तिला दोन उन्हाळे लागले. क्रॅपी वर बघतो. मला त्याच्या खाली सोडलं तर त्याला मी दिसतच नाही. मला त्याच्या डोक्यावर, जवळजवळ न हलवता धरून ठेवावं लागतं. तो मला घेऊन बरेचदा वरच येतो, म्हणून दोरी ताणली जात नाही, उलट ढिली पडते. तेव्हा हळूच उचलायचं. झटका दिला की संपलं, कारण त्याचं तोंड कागदासारखं पातळ असतं, लगेच फाटतं. उत्तराच्या हाताला हे सगळं यायला लागलं तेव्हा वॉल्टने टोपी काढून तिला सलाम केला होता. ते दिवस माझे होते.

दर रविवारी निघताना ती दारातून विचारायची.

"अहो, येता का तळ्यावर? नुसते बसा."

"आज रिपोर्ट संपवायचाय. पुढच्या रविवारी नक्की."

"मासा काही चावत नाही हो."

"वास चावतो."

ती हसायची. मी हसत नव्हतो. तीन वर्षांत तो पुढचा रविवार आला नाही. वास येतो म्हणून त्याने एकदा मला भांड्यांच्या साबणाने धुतलं. हळदीला साबण लागल्यावर काय होतं? मी लालभडक झालो. उत्तराने माझ्यावर लिंबू पिळलं, मी पुन्हा पिवळा झालो. "तुमच्यापुढे बिचारा शरमला," ती म्हणाली. शरमलो नव्हतो मी. तेव्हाही रागावलोच होतो.

१९८५च्या मे महिन्यात, क्रॅपी अंडी घालायला काठाजवळ येतात त्याच दिवसांत, ती गॅरेजमध्ये दोरी गुंडाळताना कोसळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दोन दिवसांनी ती गेली. चारुदत्तने मला ओलाच डब्यात टाकलं आणि डबा फावड्यामागे ढकलला. वर्षभर मी गंजलो. कोणी झाकण उघडलं नाही.

मग वर्षश्राद्ध आलं. त्याच्या बहिणीचा, मालिनीताईंचा, पुण्याहून फोन आला. तो गॅरेजमधल्या फोनवर बोलत होता, म्हणून मला ऐकू आलं. ताई इतक्या मोठ्याने बोलत होत्या की त्यांचंही ऐकू आलं.

"श्राद्धाच्या पानात मासा? चारू, आपल्या घरात कधी झालंय का असं?"

"पान तिचं आहे, ताई. आवडीचं वाढायचं म्हणतात ना?"

"मग खीर कर. तिला खीर आवडायची."

"खीर मला आवडायची, ताई."

फोन ठेवून त्याने डबा उघडला. माझा गंज घासला, पीस पुन्हा हळदीत बुडवलं. श्राद्धाला तीन दिवस होते. विकतचा मासा ती शिवतही नसे, बर्फाचा वास येतो म्हणायची. म्हणजे मासा धरायलाच हवा होता.

पहिल्या दिवशी त्याने मला तळाच्या चिखलात रुतवलं. दुसऱ्या दिवशी दोरी ढिली पडली तेव्हा तो दुसरीकडे बघत होता. मग दचकून असा झटका दिला की माशाचा ओठ फाटून माझ्यावर राहिला. मी मनात ओरडलो, "अरे माणसा, ती तीन वर्षं बोलावत होती! शेजारी नुसता बसला असतास तरी हे आलं असतं!"

तिसऱ्या सकाळी वॉल्टने बादली पुढे केली. "जिवंत लाव. पाच मिनिटांत मिळेल."

"नको. ती लावत नसे."

"मग ओढू नकोस. उचल. बायको उचलायची तसं."

"मी तिला कधी उचलताना पाहिलं नाही, वॉल्ट."

वॉल्टने बादली खाली ठेवली. मग त्याने चारुदत्तच्या मनगटाखाली आपला हात धरला. बराच वेळ गेला. दोरी ढिली पडली. दोन्ही हात मिळून हळूच वर आले, आणि माझ्यावर मासा होता.

तो मासा त्याने गॅरेजमध्ये नाही, स्वयंपाकघरात तळला. खिडक्याही उघडल्या नाहीत. फोटोपुढे पान वाढलं. मग आयुष्यात पहिल्यांदा एक तुकडा तोंडात घातला आणि त्याला काटा लागला. काटे कसे काढायचे ते सांगणारी समोर फोटोत होती.

आता तो दर रविवारी मला पुसतो, तेल लावतो. मी चकचकीत आहे, आणि मला ते आवडत नाही. ती होती तेव्हा त्याला एकही रविवार मोकळा नव्हता.

मित्रांनो, वस्तू वापरल्यावर कोरड्या करून ठेवा, हे तर मी सांगणारच. पण घरातलं कोणी दारात उभं राहून "येता का?" म्हणालं, तर हातातलं काम खाली ठेवा आणि बूट घाला.