सीताराम धाकू यांची घरपट्टी

ग्रामपंचायतींना हिशोब शिकवायचं काम निवृत्तीनंतर माझ्या गळ्यात पडलं, आणि खरं सांगतो, मला ते जाम आवडतं. पस्तीस वर्षं लेखा विभागात काढली, तिथे माझं कोणी ऐकत नव्हतं. बोरिवलीच्या या प्रशिक्षण केंद्रात मात्र तीस-तीस सरपंच वह्या उघडून बसतात आणि ‘लवूसर, लवूसर’ करतात. तीन दिवस मी बोलतो, ते लिहून घेतात, दुपारी जेवणही झकास असतं. आणखी काय पाहिजे माणसाला?

या खेपेस हजेरीपटावर एका गावाचं नाव वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आमचंच गाव. वडील गेल्यापासून चौदा वर्षं मी तिकडे फिरकलो नव्हतो. घराला कुलूप, आणि घरपट्टीचा एक रुपया भरलेला नाही. म्हणजे करवसुलीवर तासभर भाषण ठोकणारा हा शहाणा स्वतःच थकबाकीदार! हजेरी उरकून मी सरळ फळ्याकडे वळलो. लवूसर कांदिवलीत राहतात, एवढंच त्या वर्गाला ठाऊक होतं.

त्या गावच्या सरपंच वनमालाबाई, सोबत त्यांचा ग्रामसेवक सुयोग. दुसऱ्या दिवशी बाईंनी आपली अडचण मांडली. गावच्या पाण्याच्या पंपाचं अडतीस हजार वीजबिल थकलं होतं. सोमवारपर्यंत भरलं नाही तर वीज तोडणार, आणि वरच्या वाडीतल्या बायका पुन्हा हंडे घेऊन पाण्यासाठी व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर जाणार. बँकेत शाळेच्या शौचालयाचे दोन लाख पडून होते. त्यातून आता भरले आणि नंतर परत टाकले तर चालेल का, एवढंच त्यांनी विचारलं. माझं डोकं फिरलं. एका कामाचा निधी दुसऱ्या कामाला लावायचा नाही, यावर मी त्यांना चांगली वीस मिनिटं झोडपून काढलं. माझं संपल्यावर बाईंनी विचारलं,

“मगे पैसे हाडू खंयसून, सर? ता पण सांगा.”

आता आमच्याकडची तऱ्हा अशी, की निम्मी घरपट्टी मुंबईच्या चाकरमान्यांकडून यायची, आणि तीही गणपतीला गावी आल्यावर, आरती झाली की पडवीत बसून. गणपती चार महिने लांब होते. मी तावातावाने म्हणालो, गणपतीची वाट कशाला बघता, तुमचे थकबाकीदार इथे कांदिवलीत, वाकोल्यात राहतात, रविवारी जा की त्यांच्या दारात. म्हणालो आणि जीभ चावली.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दोघं बंद घरांची यादी घेऊन माझ्यासमोर बसले. सुयोग पत्ते शोधत होता. एका नावाशी बाई अडल्या. सीताराम धाकू. माझे वडील.

“हो माणूस गेलो म्हणतत. झिलाचो पत्तो कोणाक ठावक नाय. वसूल होणार नाय ता ठराव करून काढून टाकूचा, असा तुमीच सांगलात. ह्याच्यार काट मारू, सर?”

मी नुसतं ‘मारा’ म्हणायचं होतं. अकरा हजार तीनशे चाळीस रुपये वाचत होते, वर अब्रूही शाबूत. मान अर्धी हलवलीसुद्धा होती मी. मग मनात म्हटलं, लवू, लाज वाटू दे जरा.

“नको,” मी म्हणालो. “त्यांचा झील तुमच्यासमोर बसलाय.”

बाईंनी मला नीट न्याहाळलं. मला वाटलं, आता ऐकवणार. पण त्यांनी सुयोगला फक्त पावतीपुस्तक काढायला सांगितलं. मीही असा निर्लज्ज, की तेवढ्यात दंड सोडता येईल का म्हणून विचारून घेतलं. ठरावाशिवाय सोडता येत नाही, कालच तुम्ही फळ्यावर लिहिलंत, असं उत्तर मिळालं. भरले मग गपगुमान.

रविवारी मी त्यांच्याबरोबर फिरलो. प्रत्येक दारात आधी माझी पावती पुढे करायचो, मी भरले, आता तू भर. वाकोल्यात कुंडलिक नावाचा एकजण वाद घालायला लागला, गाव आमच्यासाठी करतं काय म्हणून. मी त्याला असं फैलावर घेतलं की त्याच्या बायकोनेच आतून पैसे आणून दिले. संध्याकाळपर्यंत एकेचाळीस हजार जमले. पाय दुखत होते, पण इतका खूश मी कित्येक वर्षांत झालो नव्हतो.

सोमवारी दुपारी वनमालाबाईंचा गावाहून फोन आला. बिल भरलं, पंप चालू आहे, वरच्या वाडीपर्यंत पाणी पोचलं. तुमच्या घरामागच्या परड्यातला नळही सोडून बघितला, त्यालाही धार चांगली आहे.

मी म्हटलं, आमच्या परड्यात कुठला आलाय नळ? चार वर्षांपूर्वी योजना झाली तेव्हा सगळ्या घरांना दिला, तुमच्याही, असं त्या म्हणाल्या. पण घर तर बंद, पट्टीचा पत्ता नाही, आमच्या घराला कशाला दिलात, मी विचारलं.

“तुमी येशात कधीतरी, म्हणान दिलो.”

मला रडूच आलं, काय लपवायचं.