वर्षाचा कागद

बाबांना जाऊन चाळीस दिवस होऊ देत, मग सांगते, असं झोर्नित्साने भावाला कबूल केलं होतं. आज चाळिसावा दिवस होता आणि प्लामेनचा सोफियाहून सकाळी सातलाच फोन आला.

"शाळेच्या स्वयंपाकघरातली जागा ते संध्याकाळपर्यंतच धरून ठेवणारेत, ताई. आमची मागची खोलीही रिकामीच आहे. हो म्हणून टाक ना."

"आधी बाबांचा कागद लावू दे."

"तो इथे आमच्या इमारतीच्या दारावरही लावता येईल की."

"तिथे बाबांना ओळखतंय कोण?"

वडील अंथरुणाला खिळले होते ती सहा वर्षं गावात का राहतेस असं तिला कुणी विचारलं नव्हतं. आता ते गेले, तिला सेहेचाळीस वर्षं पूर्ण झाली, आणि राहायला एकच कारण उरलं: बाबांना ओळखणारी माणसं. तिचे वडील, वुल्चान न्हावी, इथे सगळ्यांना माहीत होते. गावातल्या प्रत्येक पुरुषाची मान केव्हा ना केव्हा त्यांच्या हाताखाली वाकली होती.

गेलेल्या माणसाच्या आठवणीचा, फोटो छापलेला कागद दारावर, थांब्यावर चिकटवायची तिकडची रीत. हे कागद प्लामेननेच छापून पाठवले होते, तिन्ही वेळचे एकदम: चाळीस दिवसांचा, सहा महिन्यांचा, वर्षाचा. तिन्हींवर फोटो एकच. पहाटे उठून तिने गहू उकडले होते, साखर घालून डबा भरला होता. अर्धवट झोपेतच तिने खळीचा ब्रश फाटकावर फिरवला, वरचा कागद घेतला, चिकटवला आणि बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातावर बाबांच्या नावाने गहू ठेवू लागली.

पहिले दिमोकाका आले. जन्मभर त्यांची दाढी बाबांनीच केली होती. कागदापुढे टोपी काढून म्हणाले, "वर्ष झालं? दिवस कसे पळतात. देव क्षमा करो त्याला."

म्हाताऱ्याचं काहीतरी चुकतंय, असं तिला वाटलं. मग पोस्टातली स्तेफ्का आली. "वर्ष गेलं नाही का गं! कळलंसुद्धा नाही."

झोर्नित्साने मान वळवली. आपल्यातून जाऊन एक वर्ष झालं, असं फाटकावर ठसठशीत लिहिलं होतं. तिने नखाने कोपरा उचकटून पाहिला. बाबांच्या कानाजवळ कागद फाटायला लागला, तशी ती थांबली.

दुपारपर्यंत आणखी पाचजण आले. थांबले, वाचलं, हळहळले, गहू खाल्ले. चूक कुणालाच खटकली नाही.

शेवटी समोरच्या पेनामावशी काठी टेकत रस्ता ओलांडून आल्या. "अगं कार्टे, बापाचं वर्ष घातलंस एवढ्यात? घाई कसली झालीये?"

"चुकून लागला, मावशी."

"ते दिसतंय. आज चाळिसावा. मी रोज मोजते, मला दुसरं काम काय?"

"बाकी कुणाच्या लक्षातही आलं नाही."

"येणार कसं? बसथांब्यावर बघ की गेलेल्यांची किती तोंडं चिकटलीत. बसला एवढी गर्दी नसते." त्यांनी मूठभर गहू तोंडात टाकले. "साखर कमी पडलीये. तुझी आईही अशीच हात आखडायची."

झोर्नित्साला हसू आलं, पण पुरतं येण्याआधीच ओसरलं. गुडघ्यांपासून मानेपर्यंत सगळं दुखत होतं.

"प्लामेनला हो म्हणू का, मावशी?"

"मला नको विचारूस. मी नाहीच म्हणेन. तू गेलीस तर माझी औषधं कोण आणणार? ज्याचा स्वार्थ आहे त्याला विचारू नये."

मग त्यांनीच हात पुढे केला. "सहा महिन्यांचा आण इकडे. तारीख?"

"सप्टेंबरची चार."

"सप्टेंबरपर्यंत टिकले तर लावीन. वर्षाचा लागलाच आहे, ते एक काम वाचलं. आणि चाळिसाचा?"

झोर्नित्साने तो कागद घडी न पाडता नीट गुंडाळला.

"तो नेते. प्लामेनच्या दारावर लावीन."

"तिथे कोण ओळखतंय त्याला?"

"इथे तरी कोण मोजत होतं, तुझ्याशिवाय?"

सहा महिन्यांचा कागद मावशींनी काखेत धरला आणि रस्त्याच्या मध्यावर पोचल्यावर वळून ओरडल्या, "ब्रश धुऊन ठेव गं जाताना. खळ वाळली की तो चालत नाही."