माघारीची मुदत

दोनदा अपक्ष आमदार झालो, पण कुठल्या पक्षाच्या दारात गेलो न्हाई. तिसऱ्यांदा अर्ज भरला तशा तो मागं घे म्हणून धमक्या सुरू झाल्या. म्हणून माघारीच्या शेवटच्या दिवशी बोरीच्या मळ्यात लपलो. तीनला मुदत संपणार व्हती.

दुपारी बांधाशी धमक्या देणाऱ्यांच्या दोन गाड्या थांबल्या. मी सरळ उसात घुसलो. बिबट्याच्या भ्यानं तिथं गडी एकटा पाय टाकत न्हाई. आत कुजक्या मांसाचा वास आला आणि पुढं पाचट वाजलं. पण म्हणलं, बिबट्या परवडला, तो माघारीवर सही तरी मागत न्हाई.

तेवढ्यात माझी बायको नंदा बांधावरनं रडत हाका मारायला लागली.

"अहो, बाहेर या, सही करा. आपली लेक समृद्धी त्यांच्या गाडीत हाय."