तिसरी फांदी

पक्षाघाताच्या झटक्यात शिंपीकाकांच्या बायकोची वाचा गेली, उजवा हातही गेला. काकूंना कळत सगळं होतं. पण 'हो' म्हणायला डोळे मिटायचे आणि 'नाही' म्हणायला डावं बोट हलवायचं, एवढीच भाषा हाताशी उरली होती.

काका दुकान बंद ठेवून उशाशी बसून असायचे. "पाणी हवंय? उशी उंच करू? खिडकी लावू?" प्रश्नांची नुसती सरबत्ती. बोट हलवून हलवून काकू दमायच्या, आणि शेवटी दोघांच्याही डोळ्यांत पाणी. एकदा चादरीत टाचणी राहिली होती. ती सापडायला अर्धा तास लागला, तेव्हा काकांनी स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली.

त्यांची सून फ्रिज दुरुस्तीच्या कंपनीत फोनवर तक्रारी घ्यायची. तिने सासऱ्यांच्या कटिंगच्या खाकी कागदाचा एक मोठा तुकडा पलंगासमोर चिकटवला.

"बाबा, सुचेल ते विचारत सुटू नका. मी आधी विचारते, फ्रिज चालू आहे का बंद? बंद म्हटलं, की आवाजाचे प्रश्न सगळे बाद. एक फांदी छाटली, की तिच्यावरची पानं मोजायला नकोत."

तिने खाली बुंधा काढला. त्याला दोन फांद्या, 'शरीराचं' आणि 'घरातलं'. शरीराच्या फांदीला 'दुखतंय', 'तहान-भूक', 'अवघडलंय', आणि त्यांनाही पुढे डहाळ्या.

"म्हणजे कापड बेतण्यासारखंच की," काका म्हणाले. "आधी पाठ-पोट, मग बाही, मग कॉलर!"

जमलं. तीन-चार प्रश्नांत गाडी नेमक्या ठिकाणी पोचू लागली. आठवडाभरात काकू चक्क एकदा हसल्या.

एका दुपारी मात्र काकूंनी पलंगावर थापा मारायला सुरुवात केली.

"शरीराचं?"

बोट हललं.

"घरातलं?"

पुन्हा नाही.

काका गोंधळले. झाड तर संपलं! काकू कागदाच्या मोकळ्या कोपऱ्याकडे बोट रोखून होत्या. काकांनी पेन्सिल घेतली, तिसरी फांदी ओढली आणि चाचरत विचारलं, "माझं काही?"

डोळे मिटले.

"चुकलो का गं मी कुठे?"

बोट जोरात हललं.

"मग... तब्येत?"

डोळे मिटले.

"गुडघा? नाही. खोकला? नाही. मग दात?"

काकूंनी डोळे मिटले ते गच्च.

काकांचा हात गालाकडे गेला. आठ दिवस दाढ ठणकत होती. ते एकाच बाजूने चावत होते, गाल किंचित सुजला होता. पण तिच्या दुखण्यापुढे दाढेचं काय कौतुक, म्हणून त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. सुनेनेही पाहिलं नव्हतं. पलंगावरून काकूंनी मात्र ते पाहिलं होतं.

"तू आधी बरी हो," ते पुटपुटले.

काकूंनी दाराकडे बोट दाखवलं आणि ते खाली घेईचनात.

दुसऱ्या दिवशी सून सुट्टी घेऊन घरी थांबली आणि काका दाढ काढून आले. तोंडात कापसाचा बोळा, जीभ बधिर, शब्द फुटेना. काकूंनी सुनेकडून समोरचा कागद काढवून मांडीवर घेतला आणि डाव्या हाताने 'दुखतंय'वर टिचकी मारली.

काकांनी डोळे मिटले.

मग काकूंनी 'तहान-भूक'वर बोट नेलं, आणि सून हसत पाणी आणायला उठली.