बरोबरचं चिन्ह

नव्या सत्रापासून गणिताच्या शिक्षकांनीच मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं, असं शाळेचं फर्मान निघालं. म्हणून सुट्टीच्या दुपारी बाई धाकट्या जावेला घेऊन लॅपटॉपसमोर बसल्या. जाऊ कंपनीत हेच काम करायची. जन्मभर गणित शिकवलेलं, तेव्हा हे आपल्या डाव्या हातचा मळ, असा बाईंचा समज होता. पण सुरुवातीलाच गाडी अडली.

स्क्रीनवर होतं: मोजणी = मोजणी + १.

"हे खोटं आहे," बाई म्हणाल्या. "कुठलीही संख्या स्वतःपेक्षा एकने मोठी कशी असेल?"

"ताई, ते समीकरण नाही, हुकूम आहे. आधी उजवीकडचं करायचं, येईल ते डावीकडच्या नावात ठेवायचं. जुनं पुसलं जातं."

"मग बरोबरचं चिन्ह कशाला? दुसरं मिळालं नाही यांना?"

"मी नाही हो ठरवलं ते. नाहीच आवडत तर थोडक्यात लिहा, मोजणी अधिक-बरोबर एक. अर्थ तोच."

सरावासाठी एका वर्गाचे गुण घेतले. पास किती, एवढंच मोजायचं. बाईंनी प्रोग्रॅम लिहिला, चालवला. उत्तर आलं एक.

"अख्ख्या वर्गात एकच पास?"

"ओळ न् ओळ वाचा, सापडेल," म्हणत जाऊ कपडे वाळत घालायला गेली.

नवऱ्याने दारातून डोकावून विचारलं, "चहा टाकू?"

"टाका, पण बोलू नका."

बाई बोट ठेवून वाचू लागल्या. मोजणी शून्य करायची ओळ त्यांनी दर मुलामागे फिरणाऱ्या भागातच घातली होती. म्हणजे दर मुलाला मोजणी नव्याने शून्यावर, आणि शेवटचा पास म्हणून उत्तर एक. कपाळाला हात लावून त्यांनी ती ओळ वर नेली. त्या खोट्या ओळीचं तोंडही बघायला नको, म्हणून तिच्या जागी छोटं रूप लिहिलं.

उत्तर पुन्हा एक.

बाईंनी लॅपटॉप असा मिटला, की जाऊ चिमटे हातात घेऊनच धावत आली. तिने उघडून पाहिलं. "चिन्हं उलटी झाली, ताई. आधी अधिक हवं, मग बरोबर. तुम्ही लिहिलंय, मोजणीत 'अधिक एक' ठेव. तो बिचारा कॉम्प्युटर दरवेळी एकच ठेवतोय."

"मग चुकलं म्हणून सांगायला काय झालं त्याला?"

"त्याच्या लेखी ते चूक नाहीच."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चुकलेलं निमूटपणे चालवून घेणारा विद्यार्थी त्यांनी कधी खपवून घेतला नव्हता. चिन्हं बदलून त्यांनी पुन्हा चालवलं. उत्तर आलं एकोणतीस. त्यांनी कागदावर हाताने मोजून पाहिलं. जुळलं. तरी कपाळावरची आठी गेली नाही.

"वर्गात एखादं पोर उठून म्हणालं, बाई, हे खोटं आहे, तर?"

"काय सांगाल?"

बाईंनी गार झालेला चहा ओढला. "सांगेन, तुझं म्हणणं योग्य आहे. आता खाली बस आणि लिही."