पाळीपत्रकाची फांदी

कालव्याचं पाणी कोणत्या गावाला कधी मिळणार, याचं पाळीपत्रक काढणारा प्रोग्राम एका सरकारी खात्याची जळगाव आणि धुळ्याची माणसं मिळून लिहीत. मूळ प्रत मात्र एकच, धुळ्याच्या मशीनवर. जळगावची माणसं फोनलाइनवरून तिथे पोचत. ज्याला बदल करायचा, त्याने फाइल आपल्या नावाने उचलायची. ती जमा होईपर्यंत बाकीच्यांनी नुसती वाचायची. याला सगळे कुलूप म्हणत.

शहाण्णव सालच्या रब्बीत वरच्या अंगाला कालव्याची चारी फुटली आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या गावांचं पाणी नाल्यात गेलं. प्रोग्रामच्या हिशेबी मात्र त्यांची पाळी होऊन गेली होती. नवं पत्रक शनिवारी निघायचं होतं. जळगावच्या मंजू छाजेडने दुरुस्तीसाठी फाइल मागितली, तर फाइलला कुलूप. नाव धुळ्याच्या अभिमन पाटलांचं. फोन केल्यावर कळलं, वडील आजारी म्हणून ते रजा टाकून भुसावळला गेलेत.

"तोडा कुलूप," तिचे साहेब भाईदास म्हणाले. "तुम्हाला अधिकार आहे."

अधिकार होता. पण अभिमनभाऊंचं अर्धवट काम त्यांच्याकडे होतं. ते परत येऊन आपली फाइल वर टाकतील आणि मंजूची दुरुस्ती पुसली जाईल. कुणाला कळणारही नाही. शिवाय न विचारता दुसऱ्याच्या कामात हात घालणं तिला पटत नव्हतं. तिने दुपारची एसटी धरली.

भुसावळच्या दवाखान्यात अभिमनभाऊ वडिलांच्या खाटेशी मोसंबी सोलत बसले होते. दाढी वाढलेली. मंजूला बघून ते गडबडीने उठले.

"कुलूप राहिलं का माझं? घाईत निघालो, लक्षातच आलं नाही. तोडा तुम्ही, मंजूताई."

"तोडेन. पण तुमचं काय चाललं होतं त्यात?"

"टेलचंच. पाणी वाया गेलं तर ते तास परत द्यायचे. अर्धं झालंय."

मंजूला आधी हसू आलं, मग थोडा रागही. दोघं एकच काम करत होते आणि एकमेकांना पत्ता नव्हता. खाटेवरून म्हाताऱ्याने विचारलं, "काय काम शे बेटा?"

"पाण्याचं, आबा."

"मंग कर लवकर," म्हणून त्यांनी डोळे मिटले.

अभिमनभाऊ तिला जिन्यापर्यंत सोडायला आले. तिथे मंजू म्हणाली, "कुलूप राहू द्या. शेवटच्या जमा प्रतीपासून मी वेगळी फांदी, म्हणजे बाजूची प्रत, काढते. शनिवारचं पत्रक त्या फांदीवरून निघेल. तुमचं काम जागच्या जागी राहील. तुम्ही आलात की दोन्ही जोडू."

"जोडताना भांडण होईल. मी बदलल्यात त्याच ओळी तुम्हीही बदलणार."

"होऊ द्या की. समोरासमोर होईल."

शनिवारी पत्रक निघालं. टेलच्या गावांना पाणी पोचलं.

आबा बरे होऊन घरी गेले, तेव्हा मंजू धुळ्याला गेली. मशीनच्या खोलीबाहेर चपला काढून दोघं पडद्यासमोर बसले. अभिमनभाऊंनी आपलं काम जमा केलं, कुलूप सुटलं, आणि मंजूने फांदी मूळ प्रतीत जोडायला घेतली. अपेक्षेप्रमाणे मशीन अडलं. दोघांच्या ओळी एकाखाली एक दाखवून ते थांबलं. मंजूने वाया गेलेले तास पुढच्या पाळीच्या सुरुवातीला दिले होते, अभिमनभाऊंनी शेवटाला.

"दर वेळी सुरुवातीला दिले तर वरची गावं ओरडतील," अभिमनभाऊ म्हणाले.

"शेवटाला दिले तर टेलचा हरभरा तोवर वाळेल."

अधल्यामधल्या गावांचे तास अभिमनभाऊंनी कागदावर मांडून पाहिले. मग ते म्हणाले, "तुमच्या ओळी ठेवा. पण कोणाचे किती तास वळवले, ते पत्रकावर छापायचं. वरच्यांना कारण तरी दिसेल." ती छपाई त्यांच्या अर्धवट कामात आधीच होती. मंजूला ती सुचलीच नव्हती, आणि तिने तसं सांगितलं.

जोडणी जमा करताना मशीनने बदलाचं कारण विचारलं. अभिमनभाऊंनी ते सावकाश टाइप केलं आणि खाली दोघांची नावं घातली. मंजूच्या नावातला एक स्पेलिंगचा घोळ तिने त्यांना दुरुस्त करायला लावला. मग दोघं खाली उतरून चहाला गेले.