शालीला आलेली शिसारी

मित्रांनो, सत्काराच्या वेळी पाहुण्यांच्या खांद्यावर जी पडते ना, ती मी. शाल. ऊब म्हणाल तर नावाला, काठाची जर म्हणाल तर प्लास्टिकची, आणि वयाचं म्हणाल तर विचारूच नका. जुनी झाले आहे मी. रंग मूळचा डाळिंबी, आता कशाचा म्हणायचा ते तुम्हीच ठरवा. तोंडाने जरा फटकळ आहे, तेवढं सांभाळून घ्या. जन्मभर गोड बोलणाऱ्यांच्या हातात राहिले, त्यामुळे गोडाची शिसारी बसली आहे.

माझा जन्म सोलापुरातला, पूर्व भागातल्या एका यंत्रमागावरचा. विणकर तेलुगूत काहीबाही गुणगुणायचा आणि माग त्याच्या गाण्याला दाद दिल्यासारखा खडखडायचा. मला वाटायचं, आपण एखाद्या बाळंतिणीच्या अंगावर जाऊ, नाहीतर थंडीत रानात पाणी धरणाऱ्या बाप्याच्या डोक्याला गुंडाळले जाऊ. कसलं काय अन् कसलं काय! घडी घालून मला प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलं आणि थेट नबीसाबच्या दुकानात आणून ठेवलं. पाटी होती, 'सत्काराचे सर्व साहित्य मिळेल'. फेटे, हार, नारळ, चकाकणारी स्मृतिचिन्हं आणि आम्ही शाली.

नबीसाब म्हणजे भला माणूस. पण धंदा तो धंदा. ज्या पुढाऱ्यांच्या घरी शालींचा ढीग साठायचा, ते त्या गुपचूप नबीसाबनाच विकायचे. नबीसाब इस्त्री फिरवायचे, नवी पिशवी चढवायचे, आणि आम्ही पुन्हा कोऱ्या. असे माझे किती जन्म झाले कोण जाणे. रस्ता खाल्लेल्या नगरसेवकाच्या खांद्यावर बसले. शाळेची इमारत कागदावरच बांधणाऱ्या शिक्षणमहर्षींच्या खांद्यावर बसले. 'यांचं कार्य शब्दांत सांगता येणार नाही,' असं माइकवर ऐकलं की मी मनात म्हणायचे, बरोबर आहे बाबा, शब्दांत नाहीच, पंचनाम्यात सांगावं लागेल.

एकदाच काय तो आनंद झाला. मायाप्पा नावाचा सफाई कामगार निवृत्त होत होता, त्याच्या खांद्यावर मला घातलं. त्याने मला गालाला लावून बघितलं आणि लहान मुलासारखा हसला. स्टेजवरून खाली उतरला तोच संयोजकाने त्याच्या अंगावरून मला ओढून घेतलं. "मामा, शाली कमी पडल्यात. पुढच्याला लागतीया." मायाप्पा म्हणाला, "घ्या की, घ्या. माझा फोटू झालाय." आणि रिकाम्या खांद्याने तो खुर्चीत जाऊन बसला. मित्रांनो, थुंकता येत असतं तर मी तेव्हाच थुंकले असते.

आता खरी गोष्ट ऐका.

नबीसाबचा नातू सोहेब कॉलेजात कॉमर्स शिकतो. त्याची आणि त्याच्या मित्रमैत्रिणींची बैठक दुकानाच्या मागच्या खोलीत, आमच्या गठ्ठ्यांना टेकूनच भरायची. त्यांत उत्कर्षा नावाची मुलगी होती, मोहोळकडच्या एका वस्तीवरची. उंच, किडकिडीत, आणि बोलायला लागली की समोरच्याच्या डोळ्यांतून नजर न काढणारी. त्यांच्या वस्तीजवळ कोळशावर वीज करणारं एक केंद्र आहे. कोळसा जळतो, राख उरते, ती पाण्यात कालवून एका मोठ्या तळ्यात सोडतात. उन्हाळ्यात तळं वाळतं आणि वारा सुटला की राख वस्तीवर येते. आता केंद्र वाढणार होतं. राखेचं दुसरं तळं वस्तीच्या बांधालाच लागून होणार होतं. उत्कर्षाचे वडील रामहरी आधीच खोकून खोकून वाकले होते.

"मोर्चे काढून झालं, अर्ज देऊन झालं," उत्कर्षा म्हणाली. "कुणी दाद देत न्हाय."

तेव्हा सोहेबने तिला समजावलं, आणि मलाही तेव्हाच कळलं. एवढं मोठं केंद्र कुणी स्वतःच्या खिशातून बांधत नाही, बँक कर्ज देते. बँक म्हणते, आधी विमा दाखवा. म्हणजे विमा कंपनीने हात आखडता घेतला की कर्ज अडतं, आणि कर्ज अडलं की तळं अडतं. हा विमा उतरवणार होती एक बडी कंपनी. तिची शाखा सोलापुरातच होती. आणि हीच कंपनी दर वर्षी रोपं वाटून 'हरित सोलापूर'चा सोहळा करायची! एका हाताने रोप द्यायचं आणि दुसऱ्या हाताने धूर ओकणाऱ्या चिमणीला विम्याची छत्री धरायची. वा रे वा!

मुलांनी ठरवलं, सोहळ्याला पुण्याहून मोठे साहेब येणार आहेत, त्यांना सगळ्यांसमोर विचारायचं. वस्तीने उत्कर्षालाच पुढे केलं होतं. "तू शिकतीस, तूच बोल," असं शेजारच्या मथुराबाईने तिच्या हातावर हात ठेवून सांगितलं होतं. सगळ्या वस्तीचं बोलणं त्या एका पोरीच्या तोंडात होतं.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी कंपनीचा माणूस येऊन आम्हा शालींचा गठ्ठा घेऊन गेला. नबीसाब सोहेबला म्हणाले, "बेटा, शालां बहुत लेको गये उनों. किसकू पहनाते की, मालूम नै." सोहेब हसला. त्याला वाटलं, नेहमीचे पाहुणे असतील.

मुलं फलक घेऊन हॉलच्या दारात उभी राहिली. त्यांना वाटलं होतं, हाकलतील, पोलीस बोलावतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. शाखेचे लोक हात जोडून पुढे आले. "या, या, बाहेर का उभे? साहेब तुमचंच ऐकायला आलेत." पहिल्या रांगेत बसवलं. चहा दिला. बिस्किटं दिली. सूत्रसंचालक सयाजी, जिभेला साखर लावूनच जन्माला आलेला माणूस, माइकवर म्हणाला, "आता आपल्या युवा पर्यावरणप्रेमींचा सत्कार!"

उत्कर्षा जागेवरून म्हणाली, "आमाला सत्कार नको. उत्तर पायजे."

"अगं ताई, आधी सत्कार, मग मनोगत," सयाजी लाडाने म्हणाला. "पद्धत असती की! पाहुण्यांनी दिलेली शाल नाकारत्यात व्हय?"

इथेच घात झाला. आपल्याकडे माणूस शिवी झेलेल, काठी झेलेल, पण शाल नाकारणार नाही. लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं, शाल उलगडली की मान खाली. सोहेब पुढे झाला, त्याने मान वाकवली. घरचा संस्कार! मग बाकीच्यांनी वाकवली. साहेबांनी मला हातात घेतलं. मऊ हात, अत्तराचा वास. उत्कर्षा क्षणभर थांबली. सगळा हॉल बघत होता. आणि तिचीही मान वाकली. मी तिच्या खांद्यावर पडले, कॅमेरा चमकला, आणि सयाजी म्हणाला, "यानंतर आभारप्रदर्शन."

"आणि मनोगत?" उत्कर्षा ओरडली. माइक केव्हाच बंद झाला होता. शाखेतल्या एकाने घाईघाईत आभार उरकले आणि लगेच राष्ट्रगीत लावलं. सगळे ताठ उभे राहिले. आता कोण बोलणार? राष्ट्रगीत संपलं तेव्हा साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली होती. राष्ट्रगीताआड लपणारी माणसं मी तोवर पाहिली नव्हती. तीही पाहिली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. साहेब हसताहेत, उत्कर्षाची मान खाली. वर मथळा, 'विद्यार्थ्यांचा विमा कंपनीच्या हरित उपक्रमाला पाठिंबा'. शी! शी! शी!

उत्कर्षा मला घेऊन वस्तीवर गेली, तेव्हा फोटो तिच्या आधी पोचला होता. माणसं पारावर पेपर उघडून बसली होती. मथुराबाई जवळ आली, माझा काठ दोन बोटांत धरून बघितला आणि म्हणाली, "शाल लई झ्याक हाय गं. जरीची हाय व्हय? आमाला वाटलं, बोलायला गेलीस."

"काकू, बोलूच दिलं न्हाय त्यांनी."

"वाकायला बरं दिलं!" मथुराबाई म्हणाली आणि पाठ फिरवून गेली.

उत्कर्षा घरी आली. रामहरींनी मला बघितलं. रागावले नाहीत, ओरडले नाहीत, हेच जास्त लागलं. "घरात न्हाय आणायची ती," एवढंच म्हणाले. तिने मला अंगणातल्या तारेवर टाकलं.

तिथे मला कळलं, मित्रांनो, राख म्हणजे काय. स्टेजवर मी 'प्रदूषण' हा शब्द पुष्कळदा ऐकला होता. पण तो शब्द भाकरीवर बसत नाही. राख बसते. उत्कर्षाची आई वच्छला परातीवर फडकं झाकून भाकरी थापायची, तरी दाताखाली कचकच व्हायची. दुधावर साय कमी आणि करडा थर जास्त. तान्ह्या पोरांच्या कानांत, म्हशींच्या पापण्यांवर, तुळशीच्या पानांवर तीच. पहाटे रामहरी खोकायला लागायचे आणि वच्छला त्यांच्या पाठीवर हात फिरवत बसायची. माझ्या धाग्याधाग्यात ती बारीक, गुळगुळीत पूड शिरली. आणि ज्याने हिचा विमा उतरवायचा, त्याच्या अत्तराचा वास माझ्या दुसऱ्या टोकाला अजून होता. दोन्ही वास एकाच अंगाला!

उत्कर्षा कॉलेजात जायची, यायची, कुणाशी बोलायची नाही. एक दिवस तिने मला तारेवरून काढलं. झटकलं नाही, तशीच घडी घातली. "कंपनीचा ग्राहक मेळावा हाय," ती वडिलांना म्हणाली. "परत देऊन येते."

रामहरी बराच वेळ खोकत राहिले. मग म्हणाले, "एकटी कशाला? बोलावणं ग्राहकांना हाय. मी हप्ते भरतोय की. मी बी येतो."

आणि बघता बघता वस्तीच निघाली. कुणाचा ना कुणाचा त्या कंपनीत विमा होताच. मथुराबाईही आली. पोरीला साथ द्यायला नव्हती आली ती. ही पुन्हा वाकते का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायला आली होती. टेम्पोत ती उत्कर्षाकडे पाठ करून बसली होती.

तोच हॉल, तेच साहेब, तोच सयाजी. ग्राहकांच्या सूचना सुरू झाल्या तशी उत्कर्षा सरळ स्टेजवर चढली आणि मला टेबलावर ठेवलं. माइक चालू होता. "ही तुमची शाल," ती म्हणाली. "आमाला नको."

दुसरा कुणी असता तर गडबडला असता. पण साहेब मुरलेले! कॅमेरा दिसला आणि त्यांचे हात आपोआप चालायला लागले. "अरे वा, आपली उत्कर्षा! हिचा पुन्हा एकदा सत्कार व्हायलाच हवा!" म्हणत त्यांनी मला उचललं आणि रुबाबात झटकून उलगडलं.

आणि माझ्यातली सगळी राख त्यांच्या पांढऱ्या शर्टावर उडाली.

शेजारी बसलेले प्रमुख पाहुणे ठसकले. सयाजी रुमाल शोधू लागला. साहेब स्वतः खोकत होते, तरी मला दोन्ही हातांत धरून उभे होते, हसत. सवय कशी सुटणार? उत्कर्षा त्यांच्यासमोर ताठ उभी राहिली. ती त्यांच्याहून उंच होती.

"मान जरा खाली घे," साहेब ओठ न हलवता पुटपुटले.

"वाकत न्हाय साहेब. आमच्या वस्तीच्या बांधाला राखेचं तळं होणार हाय. त्याचा विमा तुमी उतरवणार का न्हाय? व्हय म्हना न्हायतर न्हाय म्हना."

"हे बघ, हा निर्णय वरच्या ऑफिसचा असतो."

"मग शाल बी वरच्या ऑफिसलाच घाला."

साहेब टाचा उंचावून मला तिच्या खांद्यावर टाकायला गेले. ती जागची हलली नाही, खांदाही पुढे केला नाही. मी घसरले आणि खाली पडले. सयाजीने सवयीने टाळी वाजवली, एकच, आणि ती तशीच विरून गेली.

मग मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मथुराबाई खुर्चीवर उभी राहिली होती. पदर सुटला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती बोंबलत होती, "न्हाय वाकली! बघा गं बायांनो, आमची पोरगी न्हाय वाकली!" रामहरी टाळ्या वाजवायला उठले, पण खोकल्याने त्यांना वाजवू दिल्या नाहीत. ते नुसते उभे राहिले, लेकीकडे बघत.

पुढे काय झालं म्हणाल, तर त्या वेळचा एकही फोटो पेपरात आला नाही. विमा उतरवला की नाही, तेही कंपनीने अजून सांगितलेलं नाही. 'विषय विचाराधीन आहे,' असं उत्तर आलं म्हणे. हा शब्द मी शंभर स्टेजवर ऐकला आहे, तो मला शिकवू नका. मुलंही फसली नाहीत. ती आता दर आठवड्याला शाखेच्या दारात उभी राहतात, वस्तीतल्या बायकाही येतात, आणि चहाबिस्किटं कुणी घेत नाही. मला त्या दिवशी हॉलच्या झाडूवाल्या मावशींनी उचललं आणि मलाच फडकं करून ती राख पुसून काढली. हल्ली मी फरशी पुसते. खोटं सांगत नाही, जन्मातलं हे पहिलं स्वच्छ काम आहे.

मित्रांनो, मला जपा, असं मी काही सांगणार नाही. पण तुम्ही हुशार आहात, उद्या कुठेतरी उभे राहून काही विचाराल, आणि कुणीतरी हसत हसत तुमच्यासमोर शाल उलगडेल. तेव्हा मान जपा. आधी उत्तर मागा. शाल थांबते हो, तिला कसली घाई?